रत्नागिरी पॅसेंजर पुन्हा दादरपर्यंत न्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आमच्या यजमानांचं घशाचं ऑपरेशन मुंबईत, परळच्या एका रुग्णालयात झालं. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी त्यांना तपासणीसाठी घेऊन जाते. आम्ही उक्षीचे. आम्हाला सोयीची गाडी एकच, सकाळची रत्नागिरी पॅसेंजर. पहाटे रत्नागिरीहून निघते, भोके घेते, करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा पार करते आणि आमच्याकडे येते. एक्सप्रेस धरायची तर रत्नागिरी नाहीतर संगमेश्वर गाठायचं, आणि त्या रिक्षाला पॅसेंजरच्या तिकिटाच्या कितीतरी पट पैसे मोजायचे. आजारपणात पैसा कसा जातो ते ज्याच्या घरी आजारी माणूस आहे त्याला वेगळं सांगायला नको.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली, तोवर ही गाडी थेट दादरला जायची. नंतर सुरू झाली ती ठाण्याच्या अलीकडे, दिवा स्टेशनपर्यंतच. करोनाचे दिवस आहेत, होईल पूर्ववत, असं म्हणून आम्ही सगळे गप्प बसलो. टाळेबंदी कधीच संपली, गाडी मात्र अजून दिव्यालाच संपते.

दादरला उतरलं की टॅक्सी करून आम्ही पंधरा-वीस मिनिटांत परळला पोचायचो. दिव्याला उतरलं की आधी पूल चढायचा, मग लोकल. ह्यांचा आवाज ऑपरेशननंतर फार खोल गेलाय, शेजारी बसलेल्यालाही कान लावून ऐकावं लागतं. मागच्या खेपेला दोन लोकल गर्दीमुळे सोडल्या. अपंगांचा डबा कुठे येतो ते शोधेपर्यंत तिसरी आली. मागून रेटा आला आणि मी पिशवीसकट आत ढकलली गेले. हे फलाटावरच राहिले. ओरडू शकत नाहीत. माणसांच्या डोक्यांवरून मला फक्त त्यांचा हात दिसला, रिपोर्टची फाईल उंच धरलेला. गाडी सुटली. मुंब्र्याला उतरून, पूल ओलांडून, उलट्या लोकलने मी परत आले, तर हे त्याच खांबाला टेकून उभे, फाईल छातीशी धरून. जागा सोडली तर तू मला शोधणार कुठे, असं हातानेच सांगितलं. त्या दिवशी आमचा नंबर गेला आणि रात्र नातेवाइकांकडे काढून दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेला उभे राहिलो.

हे आमच्या एकट्यांचं नाही. सकाळच्या त्या डब्यात चार तरी माणसं मांडीवर एक्स-रेची पाकिटं घेऊन बसलेली असतात. कामथे, सावर्डे, अंजनी, दिवाणखवटी, वीर अशा स्टेशनांवरून चढलेली. विचारलं की उत्तर ठरलेलं, केईएम नाहीतर टाटा. दोन्ही रुग्णालयं परळला. लालबाग-परळला कोकणातल्या चाकरमान्यांची बिऱ्हाडं पिढ्यान् पिढ्या आहेत, आजारी माणसाला चार दिवस टेकायला जागा मिळते तीही तिथेच.

डोंबिवली-कल्याणला राहणाऱ्यांना दिवा सोयीचं पडतं, हे मला मान्य आहे. गाडी दिव्याला थांबावीच, पण तिथे संपू नये. दादरला फलाट मोकळा नसतो, लोकलच्या वेळापत्रकात गाडी बसत नाही, अशी कारणं कानावर येतात. अडचण असेलही. पण सावंतवाडीची तुतारी एक्सप्रेस आजही दादरहूनच सुटते, २०२३ मध्ये सुरू झालेली मडगावची वंदे भारतही दादरला थांबते. त्या गाड्यांना जागा मिळाली याचा आनंदच आहे. मग गावोगाव थांबणाऱ्या गाडीलाच जागा का नसावी?

१९९८ च्या जानेवारीत कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग सुरू झाला, त्याआधी रुळांसाठी जमिनी गेल्या त्यांत माझ्या सासऱ्यांचा भाताचा एक मळाही गेला. त्याबद्दल घरात कधी कोणी कुरकुर केली नाही. आजाऱ्याला डोलीत घालून नेण्याचे दिवस आता संपले, याचंच सासऱ्यांना समाधान होतं. आम्ही या गाडीकडे वेग मागत नाही. आमच्याकडून वीरपर्यंत अजून एकेरी मार्ग आहे, क्रॉसिंगला पॅसेंजर बाजूला अर्धा-अर्धा तास उभी राहते, मागच्या गाड्या पुढे निघून जातात. त्याला आमची ना नाही. डब्यात आजारी माणसाला जरा आडवं होता येतं, शेजारची बाई डब्यातली भाकरी काढून पुढे करते, वेळ निघतो. फक्त शेवटचे तीस-पस्तीस किलोमीटर आम्हाला मध्येच उतरवू नका.

आमच्या भागातल्या लोकप्रतिनिधींनी हा प्रश्न धसास लावावा. दादरचा निर्णय होईपर्यंत निदान एवढं करावं: पॅसेंजर दिव्यात शिरण्याआधी डब्यात घोषणा व्हावी, मुंबईकडची लोकल कोणत्या फलाटावर येणार आणि अपंगांचा डबा कुठे थांबणार. आणि तपासणीची फाईल हातात असलेल्या माणसाला पूल चढायला मदत करील असा एक कर्मचारी त्या वेळेला तिथे असावा.

– एक गृहिणी, उक्षी, ता. रत्नागिरी