फिजिक्सच्या सरांना, ज्यांनी माझा प्रश्न लिहून घेतला

सर, नमस्कार.

तुमचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तुम्हाला ते आवडणार नाही. ठाण्यात ज्यांनी ज्यांनी तुमच्याकडे अकरावी-बारावीचं फिजिक्स केलंय ते पुढची दोन-चार वाक्यं वाचून ओळखतीलच. रिझल्ट लागल्यापासून घरी नुसते फोन चालू आहेत, सगळे मार्क विचारतायत, आणि मला सारखं वाटतंय की हे तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे. समोर येऊन बोलायला गेले तर डोळेच भरून येतील, म्हणून लिहूनच टाकते.

तुमच्या वर्गात यायच्या आधी मी कुठे होते ते तुम्हाला कधी नीट सांगितलं नाही. दहावीपर्यंत ऐरोलीला मराठी मीडियममध्ये होते. मार्क चांगले पडले म्हणून जो तो सांगायला लागला, इंटिग्रेटेडला टाका, कॉलेज आणि क्लास एकत्रच होतं, पोरीचं कल्याण होईल. बाबांनी पीएफमधून पैसे काढले. तिथे पहिल्याच आठवड्यात हातात फॉर्म्युल्यांचे कागद आले आणि सांगण्यात आलं की सीईटीला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न आणि ९० मिनिटं, एका प्रश्नाला पुरतं एक मिनिटसुद्धा मिळत नाही, तेव्हा विचार करत बसायचं नाही, फॉर्म्युला ओळखायचा आणि आकडे टाकायचे. न्यूटनचे नियम एका लेक्चरमध्ये उरकले. मी हात वर केला आणि विचारलं, घर्षण जर गतीला विरोध करतं तर आपण चालतो तेव्हा आपल्याला पुढे नेणारं बल पण घर्षणच कसं काय? मराठीतच विचारलं. मागून कोणीतरी हसलं. शिकवणारे बोलले, "हे एक्झामला येत नाही, नेक्स्ट." झालं. त्यानंतर मी तिथे तोंड उघडलं नाही. पुढच्या टेस्टनंतर मला खालच्या बॅचमध्ये ढकललं, आणि त्या बॅचला तर शिकवायला माणूससुद्धा सारखा बदलायचा. एवढी फी घेणाऱ्यांकडे एका प्रश्नासाठी पाच मिनिटं नव्हती हे मला अजून पचत नाही, आणि मी काही एकटी नव्हते, त्या बॅचमध्ये चांगली हुशार मुलं होती आणि सगळ्यांना मनापासून वाटायला लागलेलं की आपल्याला फिजिक्स झेपणारच नाही. ते कोणी त्यांच्या डोक्यात घातलं?

तिथून कसे बाहेर पडलो, ऍडमिशन कसं बदललं, ती सगळी कटकट राहू दे.

तुमचं पहिलं लेक्चर. तुम्ही पुस्तक उघडलंच नाही, तुम्हाला आमच्याकडून काय हवंय तेच सांगत बसलात. गणित सोडवायच्या आधी काय होईल याचा अंदाज एका ओळीत लिहायचा आणि तो चुकला तरी खोडायचा नाही. मग चित्र. एफबीडीतल्या, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणाऱ्या चित्रातल्या, प्रत्येक बाणाशेजारी ते बल कोण लावतंय ते लिहायचं, आणि लावणारा सापडत नसेल तर तो बाण काढून टाकायचा. मग युनिट. फॉर्म्युला सगळ्यात शेवटी. चित्र नसेल तर उत्तर बरोबर आलं तरी अर्धेच मार्क. वर्गात केवढी कुरकुर झाली, नंतर काही पालकसुद्धा भेटून गेले की बोर्डाला असं कोण विचारतं, पण तुम्ही नियम बदलला नाहीत आणि कोणावर आवाजही चढवला नाहीत. मला तर त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी असं वाटलं की या विषयात मला शिरायला जागा आहे.

आणि मग लेक्चर संपल्यावर जिन्यात मी तुम्हाला गाठलं. तोच घर्षणाचा प्रश्न. यावेळी इतक्या हळू विचारला की तुम्हाला वाकून ऐकावं लागलं. तुम्ही लगेच उत्तर दिलं नाहीत. शर्टाच्या खिशातून छोटी डायरी काढलीत, कठड्यावर ठेवलीत आणि माझा प्रश्न मी बोलले तसाच्या तसा, मराठीत, लिहून घेतलात. मधला एक शब्द नीट ऐकू आला नव्हता, तो परत विचारलात. खाली माझं नाव आणि रोल नंबर. "हा धडा आला की इथूनच सुरुवात करू, तोपर्यंत तू पण विचार कर," एवढंच बोललात आणि पुढच्या लेक्चरला गेलात. मी तिथेच उभी राहिले. मी बोललेलं काहीतरी एका शिक्षकाला लिहून ठेवावंसं वाटलं, सर, त्याच्या आधी असं कधी झालं नव्हतं. तुम्हाला कदाचित आठवतही नसेल कारण तुम्ही ते सगळ्यांसाठीच करता, पण माझं पुढचं सगळं त्या अर्ध्या मिनिटामुळे झालंय.

आणि तुम्ही विसरला नाहीत. लॉज ऑफ मोशन सुरू झालं त्या दिवशी डायरी उघडून माझ्या नावासकट प्रश्न वाचून दाखवलात. टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर लाकडी ठोकळा, आणि आधी सगळ्यांनी अंदाज लिहा. मग पुठ्ठा हळूच ओढलात, ठोकळा सोबत पुढे आला. "याला पुढे कोणी आणलं?" वर्ग गप्प. पुठ्ठ्याशिवाय त्याला कोण चिकटलं होतं? घर्षणानंच आणलं. म्हणजे घर्षणाचा विरोध गतीला नाही, दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरण्याला आहे. पाय जमिनीला मागे रेटतो, तो मागे घसरू नये म्हणून जमीन पायाला पुढे ढकलते, म्हणून आपण चालतो. लोकल सुटली की उभ्या माणसाला गाडीबरोबर नेणारंही पायाखालचं तेच घर्षण. पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या ओल्या लाद्यांवर घसरणारी माणसं मी रोज बघत होते, सगळं उत्तर तिथेच पडलेलं होतं.

त्यानंतर माझं ट्रेनमध्ये पुस्तक उघडणं कमी झालं आणि खिडकीबाहेर बघणं वाढलं. बारावीला रोटेशनमध्ये बँकिंग, म्हणजे वळणावरचा रस्ता किंवा रूळ एका बाजूला उंच ठेवणं, आलं तेव्हा तुम्ही बोललात, वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा थोडा उंच असतो, जाता-येता बघा. ठाण्याहून ऐरोलीकडे गाडी वळते तिथे मी दरवेळी बघायचे, आई विचारायची काय शोधतेस.

लॅबचं पण सांगायलाच हवं. प्रॅक्टिकलचे ३० मार्क म्हणजे फुकटचे, सीनियरचं जर्नल आणायचं आणि रीडिंग उतरवायचं, हे किती ठिकाणी चालतं ते सगळ्यांना माहितीये आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही. तुमच्याकडे लंबकाची २० आंदोलनं मोजायची म्हणजे मोजायचीच. १ मीटरच्या लंबकाला एका आंदोलनाला साधारण २ सेकंद लागतात, एकच मोजलं तर स्टॉपवॉच दाबण्यातली गडबडच त्यात केवढी मोठी होते, २० मोजून भागलं की ती कमी होते, हे तुम्ही आमच्याकडूनच काढून घेतलंत. आमच्या ग्रुपचा जी, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, आला ९.६. एकीने पुस्तकातलं ९.८ लिहूया म्हटलं तर तुम्ही बोललात जे आलंय तेच राहू दे आणि का आलं ते शोधा. आम्ही दुपारभर शोधलं. लांबी हुकपर्यंतच मोजली होती, गोळ्याच्या मध्यापर्यंत नाही. ते सापडलं तेव्हा जो आनंद झाला ना, तसा मला टेस्टच्या मार्कांनी कधीच झाला नाही. लॅबवाल्या काकांनी आमच्यासाठी कुलूप लावायचं थांबवलं होतं, त्यांनाही थँक यू सांगा.

सर, स्टेशनबाहेर बघा, रँकर्सच्या फोटोंचे बॅनर केवढे लागतात. समोरच्याचं बोलणं पूर्ण होऊ देणाऱ्या, त्याला लहान न करणाऱ्या माणसांचा बॅनर कुठेच नसतो. अशी माणसं शाळेत असतात, दवाखान्यात असतात, रेल्वेच्या खिडकीवर असतात, दुसऱ्याला दोन मिनिटं देतात आणि विसरून जातात. त्यांच्यामुळे कोणाकोणाचं काय काय सावरलं ते त्यांना कोणी कळवतच नाही. मला तुम्हाला कळवायचं होतं.

मी बीएस्सीला फिजिक्स घेतेय. नातेवाईक बोलतायत इंजिनिअरिंग का नाही, पण बाबा ठाम आहेत, ते म्हणाले हिला ज्यात प्रश्न पडतात ते शिकू दे. धाकटी बहीण यंदा दहावीला आहे, तिच्या फॉर्मवर पहिलं नाव तुमच्याच कॉलेजचं असणार. तिच्या मैत्रिणीच्या घरी इंटिग्रेटेडचं चाललं होतं, आई स्वतः जाऊन त्यांच्याशी बोलून आली.

तुमची विद्यार्थिनी,
ऐरोली