कन्सोल तोट्यात विकला, म्हणून आम्ही ऋणी?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला गेमिंग कन्सोलवरचा, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्रांवरचा, लेख वाचला. माहिती चांगली होती, पण शेवटी लेखकाने लावलेला सूर काही पटला नाही. कंपन्या तोटा सोसून कन्सोल विकतात, तेव्हा किंमत वाढली की चाहत्यांनी लगेच ओरडू नये, थोडी निष्ठा दाखवावी, असं त्यांचं म्हणणं.

तोट्याची गोष्ट खोटी नाही. २०२१ साली गेम बनवणारी एपिक आणि ॲपल यांच्यातल्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या अधिकाऱ्यांनी साक्षीत सांगितलं होतं, की एक्सबॉक्स या आपल्या कन्सोलच्या नुसत्या विक्रीतून कंपनीला कधीच नफा झालेला नाही. पण म्हणून हा काही दानधर्म नव्हे. यंत्र एकदा घरात शिरलं, की त्यावर दुसऱ्या कोणाचा गेम विकला गेला तरी साधारण ३० टक्के कन्सोलवाल्याच्या गल्ल्यात पडतात. वर ऑनलाइन खेळायची वर्गणी वेगळी. सोनीच्या प्लेस्टेशन ३ वर ऑनलाइन खेळणं फुकट होतं. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आला आणि बहुतेक गेमसाठी त्याचे पैसे पडू लागले. निन्टेंडो या आणखी एका कन्सोलवाल्या कंपनीने २०१८ मध्ये तोच कित्ता गिरवला. स्वस्त यंत्र हे आमिष आहे. गळाला लावलेल्या गांडुळाबद्दल माशाने आभार मानायचे का?

आजवर गिऱ्हाइकाचं जे भलं झालं, ते कंपन्यांच्या एकमेकींवरच्या कुरघोडीतून झालं. १९९५ च्या ई३ या गेमच्या प्रदर्शनात सेगा कंपनीने आपल्या सॅटर्न कन्सोलची किंमत ३९९ डॉलर जाहीर केली. त्याच दिवशी सोनीचा माणूस मंचावर आला, आपल्या प्लेस्टेशनची किंमत म्हणून माइकपाशी ‘२९९’ एवढंच म्हणाला आणि खाली उतरला. तीच सोनी प्लेस्टेशन २ च्या यशानंतर इतकी निर्धास्त झाली, की २००६ मध्ये पुढच्या यंत्राची किंमत तिने ४९९ आणि ५९९ डॉलर ठेवली. लोकांनी दुसरीकडे पाहायला सुरुवात केली, तेव्हा कुठे २००९ पर्यंत ती २९९ वर आली.

२०१३ चं प्रकरण तर नमुनेदार. एक्सबॉक्स वन या नव्या कन्सोलने चोवीस तासांतून एकदा तरी इंटरनेटवर हजेरी लावायची, वापरलेले गेम दुसऱ्याला द्यायला-विकायला बंधनं, असे मायक्रोसॉफ्टचे नियम आले. सोनीने यातलं काहीच करणार नसल्याचं सांगितलं, वर किंमतही १०० डॉलरने कमी ठेवली. दहा दिवसांच्या आत मायक्रोसॉफ्टने शब्द मागे घेतले. ‘हल्ली इंटरनेट कुठे नसतं?’ असं म्हणत कंपनीची वकिली करणारे निष्ठावंत तेव्हाही होतेच. त्यांचं ऐकलं असतं तर ते नियम आजही गळ्यात असते.

मी स्वतः काही धुतल्या तांदळाचा नाही. वॉरंटी संपून दोन महिने झाले आणि खेळताना हातात धरायच्या माझ्या कंट्रोलरची डावी स्टिक ड्रिफ्ट मारू लागली. मी हात लावला नाही तरी पडद्यावरचा शिपाई आपला चालत जाऊन भिंतीला नाक घासत उभा. कंपनीला कळवलं, ‘मुदत संपली आहे’ एवढंच उत्तर. मग कंट्रोलर उघडून स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने आतली धूळ पुसत बसलो. गंमत म्हणजे त्याच वेळी दुसऱ्या हातात मोबाइल होता आणि मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी त्याच कंपनीची बाजू हिरिरीने मांडत होतो. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

कंपन्यांच्या मनात मात्र असलं काही नसतं. सेगा आणि निन्टेंडोच्या नावाने पोरं वर्षानुवर्षं भांडली. २००१ मध्ये सेगाने कन्सोल बनवणं सोडलं आणि तिच्या गेममधला लाडका नायक सॉनिक त्याच वर्षी निन्टेंडोच्या यंत्रावर धावू लागला. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टनेही स्वतःपुरते राखलेले चार गेम प्रतिस्पर्ध्यांच्या कन्सोलवर दिले. धंदा म्हणून यात वावगं काहीच नाही. भांडणारे तेवढे उघडे पडले.

गेमची किंमत चुकती करावी, चोरून खेळू नये, आणि गेम मनापासून आवडला तर तो बनवणाऱ्यांचं कौतुक करावं. ते पुष्कळदा कन्सोलवाल्या कंपनीचे नोकरही नसतात. यापलीकडचं देणं मला तरी दिसत नाही. उलट, कन्सोल जसा जुना होईल तसा स्वस्त होतो ही रीत आता मोडली आहे. अमेरिकेत २०२० साली ४९९ डॉलरला आलेला प्लेस्टेशन ५ पाच वर्षांनी ५४९ चा झाला. एक्सबॉक्स तर २०२५ या एकाच वर्षात दोनदा महागला. अशा वेळी गिऱ्हाइकाने गप्प बसावं, हा सल्ला लेखकाने नेमका कोणाच्या भल्यासाठी दिला?

आपला,
एक वाचक

ता. क. : कंट्रोलर अजून तसाच आहे. पुढचा कन्सोल दुसऱ्या कंपनीचाही घेईन, असं ग्रुपवर सांगून बसलो. तेव्हापासून दोन्हीकडचे मला गद्दार म्हणतात.