मोबाइलवरही सूर आणि रेषा रचता येतात

महोदय,

प्रोग्रामिंग शिकायला संगणक हवाच, हा समज अजूनही घट्ट आहे. माझ्या नववीतल्या मुलीकडे केवळ जुना अँड्रॉइड मोबाइल असून, लॉरेन मॅकार्थी यांनी 2013 मध्ये सुरू केलेल्या पी5.जेएस या मोफत लायब्ररीच्या, म्हणजे तयार प्रोग्रामिंग-सूचनांच्या संचाच्या, आधारे ती ब्राउझरमध्येच ध्वनी आणि चित्रे रचायला शिकते आहे. षड्जासाठी 240 हर्ट्झ घेतले, तर पंचम 360 वर येतो, हे तिने चार ओळी लिहून स्वतःच्या कानांनी पडताळले आणि त्याच आकड्यांवरून पडद्यावर लहरी काढल्या. पहिल्या दिवशी मात्र चित्र हलत होते, पण आवाज येत नव्हता. पडद्याला बोट लावल्याखेरीज ब्राउझर ध्वनी सुरूच होऊ देत नाही, हे कळेपर्यंत आम्हा दोघींची संध्याकाळ गेली. ही साधी बाब समजावणारी मराठी पुस्तिका आम्हाला मिळाली नाही. कंस आणि अर्धविरामासाठी कीबोर्ड सतत बदलावा लागतो, हा त्रासही खराच. शाळांनी संगणकाच्या तासिकांपैकी आठवड्याला एक तरी अशा प्रयोगांना द्यावी आणि त्यासाठी मोबाइल चालेल, असे शिक्षण विभागाने स्पष्ट करावे, ही विनंती.

— एक पालक, सातारा