हुकूम नाकारणाऱ्या जवानाशी कसं वागावं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या अंकात अलीकडेच एका वाचकाचं पत्र आलं होतं. फौजेत पूर्वीसारखी शिस्त राहिली नाही, उलट बोलणाऱ्या पोराला जागच्या जागी दोन ठेवून दिल्या की तो पुन्हा तोंड वर करणार नाही, असा त्याचा सूर होता. आमच्या मेहकर-लोणार भागात हे मत पारावर रोज ऐकू येतं. तालुक्याच्या गावी निघालेल्या काही भरतीपूर्व वर्गांत तर पोरांना तेच शिकवलं जातं. आम्ही सह्या करणारे सगळे नायक ते सुभेदार या हुद्द्यांवर जवानांकडून काम करून घेतलेली माणसं आहोत. हे मत साफ चुकीचं आहे, आणि त्यानं नुकसान होतं ते शिस्तीचंच.

आधी कायदा. सेना अधिनियम 1950 च्या कलम 41 मध्ये हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा आहे, तशी कलम 47 मध्ये हाताखालच्या माणसाला मारणाऱ्या किंवा छळणाऱ्यालाही आहे, सात वर्षांपर्यंत. अधिकारी, जेसीओ (सुभेदारासारखे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर), हवालदार, नायक, कुणीच त्यातून सुटलेला नाही. जवानानं हुकूम मोडला आणि हवालदारानं हात उचलला, की त्या क्षणापासून चौकशी जवानाची न राहता हवालदाराची होते. साक्षीदार तेच, जागा तीच, फक्त आरोपी बदलतो.

खरी परीक्षा पहिल्या दहा मिनिटांत असते. संध्याकाळचा रोल कॉल चालू आहे, हवालदार ड्यूट्या वाचतोय. रात्री दोनच्या पहाऱ्याला नाव निघालं तसा एक शिपाई रांगेतूनच म्हणतो, "मैं नहीं जाऊंगा, उस्ताद. तीन रात से मैं ही लगा हूँ." मागच्या रांगेत कुणीतरी हसतं. आता सगळी प्लाटून, म्हणजे जवानांची ती अख्खी तुकडी, त्या शिपायाकडे नाही, हवालदाराकडे बघत असते. इथंच नव्या नायक-हवालदारांचा तोल जातो. "जाणार का नाही, आत्ता सांग" असं तीनदा विचारलं, तर पोरगा चारचौघांत माघार घेऊ शकत नाही आणि तीनदा 'नाही' म्हणतो. पहिला नकार रागातून आला होता, तिसरा आपण त्याच्याकडून वदवून घेतलेला असतो.

योग्य रीत अशी: "रोल कॉल के बाद मिलो" एवढंच म्हणायचं आणि उरलेली यादी त्याच आवाजात वाचून संपवायची. फॉल आऊट झाल्यावर, म्हणजे रांग मोडल्यावर, त्याला बाजूला घ्यायचं, पण एकट्यानं नाही. सोबत प्लाटूनचा सुभेदार किंवा दुसरा एखादा एनसीओ (हवालदार किंवा नायक) हवा. मग ड्यूटी रजिस्टर उघडायचं. खरंच तीन रात्री तोच लागला असेल तर यादी दुरुस्त करायची आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या प्लाटूनसमोर सांगायचं की यादीत चूक होती. रांगेत तोंड उघडल्याबद्दल त्याला समज द्यायची ती मात्र वेगळी, एकट्याला. या दोन गोष्टींची सरमिसळ केली की एकही धड होत नाही.

यादी बरोबर असेल तर हुकूम पुन्हा एकदा, नाव घेऊन, पूर्ण द्यायचा. कोणती पोस्ट, किती वाजता, कोणत्या हत्यारासह, कुणाकडून चार्ज घ्यायचा. त्याच्याच तोंडून तो म्हणवून घ्यायचा. भाषेची अडचण इथं उघडी पडते. आपल्याकडचं नुकतं भरती झालेलं पोरगं हिंदीतला लांबलचक हुकूम अर्धाच समजून 'जी साब' म्हणून टाकतं, आणि पुढं त्याला आज्ञाभंगाचं नाव मिळतं.

आता एक बारकावा, ज्यावर घाईघाईनं लिहिलेले कितीतरी रिपोर्ट कोसळतात. रात्री दोनच्या पहाऱ्याला संध्याकाळी सातला 'नाही' म्हणणं म्हणजे आज्ञाभंग नव्हे. हुकूम पाळण्याची वेळ आली आणि तरी तो गेला नाही, तेव्हा गुन्हा पुरा होतो. मधले सात तास एनसीओच्या हातात असतात. त्या वेळात त्याच्या सेक्शनचा, त्याच्याशी बोलणं असलेला एखादा जवान पाठवला तर बहुतेक पोरं मुकाट तयार होऊन उभी राहतात. वरिष्ठाला उद्धट बोलण्याचा गुन्हा कलम 40 मध्ये आहे, तो वेगळा. कलम 41 मध्येही दोन पायऱ्या आहेत: समोरासमोर दिलेला कायदेशीर हुकूम उघड आव्हान देऊन धुडकावणं, आणि नुसता हुकूम न पाळणं. पहिल्यात चौदा वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुसऱ्यात मोहिमेवर नसताना पाच वर्षांपर्यंत. विसरभोळ्या पोराला पहिल्या पायरीवर उभं करणं हा अन्याय आहे.

हुकूम कायदेशीर हवा, म्हणजे फौजी कामाशी जोडलेला हवा. साहेबाच्या घरची खासगी कामं सांगितली आणि जवानानं नाही म्हटलं, तर त्याच्यावर कलम 41 लावता येत नाही. हे ज्याला कळत नाही त्यानं हुकूम देऊच नये.

लिहिताना काय लिहायचं? तारीख, वेळ, जागा, हजर असलेल्यांची नावं, दिलेला हुकूम शब्दशः, आणि जवानाचं उत्तर त्यानं ज्या भाषेत दिलं त्याच भाषेत, शिवी असेल तर शिवीसकट. "उद्धट वर्तन केलं" असं मोघम लिहिलेलं कागदावर टिकत नाही. तक्रारदार सोडून निदान दोन साक्षीदार हवेत, आणि हे सगळं त्याच दिवशी. दुसऱ्या दिवसापर्यंत प्रत्येकाच्या आठवणीत राग मिसळलेला असतो.

जवानाच्या हातात हत्यार असेल तर वरचं सगळं बाजूला ठेवायचं. वाद नाही, आवाज चढवणं नाही, अंगावर जाणं तर नाहीच. विषय बदलून त्याच्या जागी दुसरा जवान देऊन त्याला पोस्टवरून मोकळं करायचं, गोळ्यांचं मॅगझीन उतरवून हत्यार कोतमध्ये (शस्त्रागारात) जमा होऊ द्यायचं, आणि मगच बोलायचं. प्यायलेल्या जवानाशी वरिष्ठानं तोंडाला तोंड देऊच नये. त्याच्या बरोबरीच्या जवानांकडून त्याला बाजूला न्यावं, डॉक्टरकडून तपासून घ्यावं, आणि पेशी सकाळी, नशा उतरल्यावर. नाहीतर नशेत तो वरिष्ठाला ढकलतो आणि साध्या गुन्ह्याचं रूपांतर कलम 40 च्या हल्ल्यात होतं.

शिक्षा कुणी द्यायची, याबद्दल गावाकडे फार गैरसमज आहे. हवालदाराला शिक्षा देण्याचा अधिकारच नाही. तो समज देऊ शकतो, रिपोर्ट करू शकतो, गरज पडली तर ताब्यात घेऊ शकतो. पिठ्ठू (पाठीवरची सामानाची पिशवी) लावून पळवणं, कोंबडा करून उभं करणं, रांगायला लावणं या शिक्षा कायद्यात कुठेच नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. त्या उन्हात भरल्या पिठ्ठूनिशी 'रगडा' दिला तर उष्माघातानं पोरगा मरू शकतो. भरतीपूर्व वर्ग चालवणाऱ्या आमच्या मित्रांनी हे मनावर घ्यावं. त्यांच्याकडे तर सेना अधिनियमाचा आधारही नाही, तिथं साधा फौजदारी कायदा लागू होतो.

कमांडिंग ऑफिसरचे, म्हणजे युनिटच्या प्रमुखाचे (सीओ), अधिकार कलम 80 मध्ये आहेत. साध्या जवानाला 28 दिवसांपर्यंत कैद किंवा लाइनमध्ये अडकवणं (बराकीच्या आवाराबाहेर न सोडणं), जादा ड्यूटी, महिन्यात 14 दिवसांच्या पगारापर्यंत दंड. शिक्षा एकत्र दिल्या तरी अडकवण्याच्या शिक्षांची बेरीज 42 दिवसांपलीकडे जात नाही. एनसीओला कैद किंवा लाइनबंदी अशा रीतीनं देताच येत नाही. जवानाला ताब्यात घेतल्याची खबर मिळाल्यापासून 48 तासांत, रविवार आणि सार्वजनिक सुट्ट्या सोडून, आरोपाची चौकशी सीओंनी करायची असते. पेशीच्या वेळी जवानाला साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा आणि आपले साक्षीदार आणण्याचा हक्क आहे. तो देणं म्हणजे नरमाई नव्हे. ऐकून घेऊन चार दिवसांत दिलेली सात दिवसांची शिक्षा, दोन महिने टांगून ठेवून दिलेल्या 28 दिवसांपेक्षा जास्त काम करते. पोराला ती कशाबद्दल मिळाली हे तरी आठवत असतं.

ज्याच्याविरुद्ध जवानाची तक्रार आहे त्यानंच त्याचा न्याय करू नये. सर्वोच्च न्यायालयासमोर 1987 मध्ये आलेलं एका सिग्नलमनचं प्रकरण प्रत्येक कमांडरनं वाचावं असं आहे. सीओंविरुद्ध थेट वर तक्रार केली म्हणून तो 28 दिवसांची कैद भोगत होता. तिथं सुभेदारानं जेवायला सांगितलं, तो जेवला नाही. लगेच दुसऱ्या दिवशी समरी कोर्ट मार्शल (झटपट चालणारा लष्करी खटला), एक वर्षाची कैद आणि बडतर्फी. ज्या सीओंविरुद्ध तक्रार होती तेच न्यायासनावर. न्यायालयानं सगळं रद्द केलं, शिक्षा गुन्ह्याच्या मानानं अवाजवी ठरवली. न जेवण्याच्या हट्टामागं कोणती तक्रार आहे हे त्या दिवशी कुणी शांतपणे विचारलं असतं, तर प्रकरण दिल्लीपर्यंत गेलं नसतं. 'चार रेड इंक एंट्री (शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी) झाल्या की घरी' ही समजूतही अशीच अर्धवट आहे. नुसत्या एंट्री मोजून काढून टाकता येत नाही, चौकशी करावी लागते, नोकरीची वर्षं आणि परिस्थिती बघावी लागते, हे न्यायालयानं 2015 मध्ये स्पष्ट केलं आहे.

नकार एकाचा असतो तोवर तो आज्ञाभंग. दोघातिघांनी संगनमत करून नाकारलं की ते कलम 37 चं बंड, ज्याला देहदंडापर्यंत शिक्षा आहे. म्हणून घोळक्याला "तुम्ही सगळे जाणार का नाही?" असं कधीही विचारू नये. हुकूम एकेका माणसाला, नाव घेऊन द्यावा, सोपा द्यावा, आणि पाळणाऱ्याला लगेच तिथून हलवावं. फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत नौदलाच्या 'तलवार' या तळावर नाविकांचा उठाव पेटला. त्यात स्वातंत्र्याची ओढ होतीच, पण ठिणगी पडली निकृष्ट जेवणातून आणि अधिकाऱ्याच्या शिवीगाळीतून, ज्याची तक्रार वेळेत कुणी निवारली नव्हती. मे 2012 मध्ये लडाखात न्योमाजवळ तोफखान्याच्या एका युनिटमध्ये एका जवानाला झालेल्या मारहाणीवरून अधिकारी आणि जवान एकमेकांना भिडले. मारानं शिस्त येते म्हणणाऱ्यांनी ही दोन प्रकरणं समोर ठेवावीत.

आज्ञाभंगामागं काय असतं? कामचुकार, मुद्दाम अंत बघणारा जवान असतोच. त्याला पहिल्या खेपेलाच नियमानं शिक्षा द्यावी, पोटात घालू नये. पण अशी माणसं थोडी. बहुतेक वेळा मुळाशी रजा असते. मृगाचा पाऊस पडला, घरी पेरणीला माणूस नाही, धुऱ्यावरून भावकीत मारामारी झाली, बहिणीचं लग्न आखाजीला ठरलं, आणि इकडं अर्ज कंपनी ऑफिसच्या ट्रेमध्ये पडून. पोरगा फोनवर आईचं रडणं ऐकून रोल कॉलला उभा राहतो. कंपनी कमांडरनं रजा नाकारायला हरकत नाही, पण दोन दिवसांत, कारण सांगून, पर्यायी तारीख देऊन नाकारावी. रजेची यादी नोटीस बोर्डावर लावावी म्हणजे वशिल्याची कुजबुज थांबते. शेतीचा वाद असेल तर युनिटकडून जिल्हाधिकाऱ्यांना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र जातं. युद्धजन्य किंवा विशेष परिस्थितीत तैनात जवानाविरुद्धचे दिवाणी दावे लांबणीवर टाकण्याची सोय 1925 च्या कायद्यात आहे. असं एक पत्र सुटलं की पोराच्या डोक्यावरचं ओझं उतरतं.

अग्निवीरांना वर्षाला 30 दिवसच रजा आहे आणि चार वर्षांनंतर फार तर चौघांतला एक टिकणार आहे. त्यामुळं काही पोरं अन्याय झाला तरी गप्प बसतील, आणि आपलं नाव लागणार नाही असं ज्यांना वाटेल ती शेवटच्या वर्षी कशाचीच पर्वा करणार नाहीत. दोन्ही प्रकार आधी ओळखायचे तर प्लाटून कमांडरनं दर काही महिन्यांनी प्रत्येकाला बसवून तो कुठं कमी पडतोय हे स्पष्ट सांगायला हवं.

घरच्यांनाही एक विनंती. पोराचा "मला इथं त्रास आहे" असा फोन आला तर व्हिडिओ काढून टाक असा सल्ला देऊ नका, नियमभंगाचा दोष त्याच्याच माथी येतो. कलम 26 प्रमाणे तो कंपनी कमांडरकडे तक्रार करू शकतो, आणि तक्रार कंपनी कमांडरविरुद्धच असेल तर त्याच्या वरच्याकडे. ती लेखी द्यायला सांगा, एक प्रत घरी मागवा, आणि घरचा प्रश्न असेल तर सातबारा, मोजणीचा नकाशा, दवाखान्याचे कागद घेऊन बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. अर्जावर पोराचा आर्मी नंबर, हुद्दा आणि युनिटचा पत्ता न चुकता लिहा.

आपले,
मेहकर व लोणार तालुक्यातील काही माजी सुभेदार, हवालदार व नायक
जि. बुलढाणा