छायाचित्रकाराचे नाव कापू देऊ नका

महोदय,

दरवर्षी १ नोव्हेंबरला बेळगावात एकीकडे कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक निघते, तर दुसरीकडे मराठी भाषिक काळा दिन पाळतात. एकाच शहरात एकाच दिवशी दोन्ही बाजूंचे लोक रस्त्यावर असल्याने एका जमावातील माणसे दुसऱ्याच ध्वजाखाली दाखवणे किंवा जुनी गर्दी आजची म्हणून फिरवणे मोबाइलवर सहज जमते. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि येथे एका फलकावरूनही वातावरण तापते. अशा वेळी खोट्या चित्राची झळ दुकानदारांना आणि दोन्ही राज्यांत ये-जा करणाऱ्या प्रवाशांना बसते.

या प्रकारात मूळ छायाचित्रकाराची आठवण कोणाला होत नाही, याची मला फार खंत वाटते. फेरफार करणारा आधी कोपऱ्यातील नाव कापतो, कारण नाव राहिले तर त्या माणसाला गाठून मूळ छायाचित्र, तारीख आणि ठिकाण विचारता येते. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने फोटो पाठवला की फाइलमधील तारखेची व कॅमेऱ्याची नोंदही बहुतेक निघून जाते.

'आम्ही पैसे मोजले, आता फोटो आमचा' असे राजकीय कार्यकर्ते म्हणतात. त्यात अर्धे तथ्य आहे. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ नुसार, वेगळा करार नसेल तर मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक ते काढून घेणाराच ठरतो. परंतु कलम ५७ ने कर्त्याला, म्हणजे छायाचित्र काढणाऱ्याला, दिलेले हक्क या मालकीपासून स्वतंत्र आहेत: छायाचित्र आपले असल्याचे सांगण्याचा, आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशी मोडतोड झाल्यास ती रोखण्याचा वा भरपाई मागण्याचा. शिवाय २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-ब प्रमाणे हक्कांविषयीची माहिती, ज्यात कर्त्याचे नावही येते, जाणूनबुजून व अधिकाराशिवाय काढून टाकणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. सभा-मिरवणुकांत उन्हातान्हात उभे राहणाऱ्या आमच्या भागातील किती तरुणांना हे कोणी सांगितले आहे?

निवडणूक आयोगाने ६ मे २०२४ रोजी राजकीय पक्षांना बनावट मजकूर निदर्शनास आल्यापासून तीन तासांत काढण्यास सांगितले. ते योग्यच झाले. पण त्याने कापलेले नाव परत येत नाही.

म्हणून बेळगाव, खानापूर व निपाणीतील छायाचित्रकारांनी काम घेतानाच पावतीवर नाव देण्याची आणि फेरफार न करण्याची अट लिहून घ्यावी व मूळ फाइल जपून ठेवावी. सर्व पक्षांनी, ज्यांच्या बाजूने मी स्वतः उभा आहे त्या मराठी संघटनांनीही, ही अट पाळावी. आपल्या दैनिकानेही वाचकांकडून आलेल्या प्रत्येक छायाचित्राखाली ते काढणाऱ्याचे नाव, तारीख आणि ठिकाण छापावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
एक वाचक, टिळकवाडी, बेळगाव