मोटरच्या हाउसिंगलाही कोर लागतो

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

इलेक्ट्रिक गाड्या आल्या की आपल्या बेळगावच्या उद्यमबागेला, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यांच्या वसाहतीला, कुलूप लागणार, असं हल्ली चहाच्या टपरीवरही ऐकू येतं. मी पॅटर्नमेकर आहे, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा उठवतात तो नमुना बनवणारा; अनगोळला राहतो. सागवानापासून अ‍ॅल्युमिनियमपर्यंत सगळ्या तऱ्हेचे पॅटर्न आणि कोर बॉक्स (ओतीव भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, म्हणजे कोर, घडवायच्या पेट्या) हाताखालून गेले आहेत. बॅटरी आणि रेंज यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी गाडीच्या ओतकामाबद्दल लिहितो.

जाणार ते जाणारच. सिलिंडर ब्लॉक, हेड, क्रँकशाफ्ट, फ्लायव्हील, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड यांतलं काहीही इलेक्ट्रिक गाडीत नसतं. पाच-सहा गिअरची पेटीही गेली, बहुतेक गाड्या एकाच गिअरवर धावतात. आमच्याकडच्या कित्येक फाउंड्रींचं पोट असल्याच मालावर आहे, तेव्हा भीती खोटी नाही.

पण मोटर काही उघडी ठेवता येत नाही. तिला हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, लागतं आणि कारमध्ये ते बहुधा अ‍ॅल्युमिनियमचं असतं. आतला स्टेटर, म्हणजे मोटरचा तारा गुंडाळलेला स्थिर भाग, तापतो, म्हणून पुष्कळ गाड्यांत हाउसिंगच्या भिंतीतूनच पाणी खेळवतात. ही भिंतीतली पोकळी दोन तऱ्हांनी करतात: एकात एक दोन नळकांडी बसवून, नाहीतर वाळूचा कोर ठेवून एकसंध ओतून. ही दुसरी तऱ्हा आमची आहे. सिलिंडर हेडच्या वॉटर जॅकेटचा कोर ज्यानं बसवलाय, त्याला ही पोकळी मुळीच नवी नाही.

नवा आहे तो धातू. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, चौदाशे अंशांच्या आसपास ओततात, अ‍ॅल्युमिनियम सातशेच्या. ऐकायला सोपं वाटतं. पण वितळलेलं अ‍ॅल्युमिनियम हवेतल्या ओलाव्यातून हायड्रोजन ओढून घेतं आणि गोठताना पिनहोल, म्हणजे बारीक छिद्रं, सोडून जातं. ज्यानं बेळगावचा जुलै काढलाय त्याला जास्त सांगायला नको. एखाद्या ब्रॅकेटमध्ये पिनहोल चालून जाईल. इथे पाणी झिरपून स्टेटरवर गेलं की मोटरच गेली. म्हणजे धातूतला गॅस काढणं आलं आणि प्रत्येक नग हवेच्या दाबावर तपासणं आलं. थंड होताना धातू आकसतो म्हणून पॅटर्न थोडा मोठा ठेवतात, ती सूटही वेगळी, बिडाला मीटरमागे दहा मिलिमीटरच्या आसपास, अ‍ॅल्युमिनियमला तेराच्या. शेडमध्ये रचून ठेवलेले जुने पॅटर्न त्यामुळे इथे कामाचे नाहीत.

बिडालाही अगदीच रजा नाही. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की या गाड्यांची मोटरच जनरेटर होते, गाडीचा वेग उतरवते आणि वीज बॅटरीत परत पाठवते. ब्रेक कमी लागतो, मग डिस्कला गंज धरतो. म्हणून फोक्सवॅगननं आपल्या आयडी-३ आणि आयडी-४ च्या मागच्या चाकांना चक्क ड्रम ब्रेक दिले, आणि ब्रेकचा ड्रम बिडाचाच ओततात. ड्रम झाकलेला असल्यानं आत गंज कमी. ड्रम म्हणजे जुनाट माल, असं आमचेच तरुण इंजिनिअर म्हणतात, त्यांनी हे पाहावं.

टेस्लानं २०२० मध्ये मॉडेल वायपासून गाडीच्या मागच्या सांगाड्याचे सत्तरेक तुकडे जोडण्याऐवजी प्रचंड प्रेसवर मोठाले भाग ओतायला सुरुवात केली. सहा हजार टनांच्या प्रेसचा हा खेळ आपला नव्हे. तसली स्वप्नं दाखवत कुणी आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं. शिवाय धडकेत तो भाग फुटला तर दुरुस्ती कशी करायची, हेही आहेच. मला चिंता वाटली ती २०२३ मधल्या एका बातमीनं: त्याच कंपनीत नमुन्याचे साचे वाळूत थेट प्रिंटरवर छापतात म्हणे. पॅटर्नशिवाय साचा! तरीही पोकळ भागांसाठी तिथे वाळूचे कोरच वापरतात, हेही त्याच बातमीत होतं.

कर्नाटकानं २०१७ साली देशात सगळ्यांत आधी इलेक्ट्रिक वाहनांचं धोरण आणलं. त्याच्याही कितीतरी आधी, २००१ मध्ये, बेंगळूरची रेवा ही इलेक्ट्रिक कार रस्त्यावर आली होती. एवढा वारसा असलेल्या राज्यात आम्हाला मात्र मोटरचं हाउसिंग आतून कसं असतं ते यूट्यूबवर पाहावं लागतं. चित्रात भिंतीची जाडी कळत नाही, कोर कुठून बाहेर काढला तेही कळत नाही.

म्हणून विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाला विनंती आहे. मच्छेचं तुमचं आवार उद्यमबागेपासून जवळ आहे. अपघातात निकामी झालेली एखादी इलेक्ट्रिक कार मिळवा, तिची मोटर आणि गिअरचं हाउसिंग मधोमध कापून टेबलावर मांडा आणि सुट्टीच्या दिवशी मोल्डर, कोरमेकर, मशीनवाले अशा सगळ्यांना येऊ द्या. भाषण, हारतुरे नकोत. समजावून सांगणारा एक माणूस मराठी-कन्नड दोन्ही बोलणारा असला म्हणजे झालं. बॅटरी मात्र जाणकार माणसाकडून आधी उतरवून घ्या, कारण ती तीनशे-चारशे व्होल्टची असते.

आपला,
एक पॅटर्नमेकर
अनगोळ, बेळगाव