तोतरा वेगळा, बोबडा वेगळा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठी बातम्यांत आणि आरोग्याच्या सदरांत हल्ली ‘तोतरा’ आणि ‘बोबडा’ एकाच अर्थाने छापले जातात. हिंदीतला ‘तोतला’ दिसला की त्याचा ‘तोतरा’ केला जातो, घोळ तिथूनच सुरू होतो. हिंदीतला ‘तोतला’ म्हणजे आपला बोबडा. आपल्या तोतऱ्याला तिकडे ‘हकला’ म्हणतात.

बोबड्या मुलाचा उच्चार बदलतो. काकाचा ‘ताता’ होतो, रिक्षाची ‘लिक्षा’ होते, पण बोलणे कुठे अडत नाही. तोतरे बोलणाऱ्याला सगळे ध्वनी येत असतात, फक्त शब्दाच्या तोंडाशीच गाडे अडते: ‘का-का-काका’, ‘स्स्ससोलापूर’. कधी ओठ घट्ट मिटतात आणि ‘प’ बाहेरच पडत नाही. मग मान झटकली जाते, डोळे मिचकतात.

‘तोतरा’ हा शब्द कानाला ऐकू येणाऱ्या अडखळण्यावरूनच पडलेला दिसतो. ‘त-त-प-प करणे’ हा वाक्प्रचारही तसाच, आणि तो फार नेमका आहे. त आणि प म्हणताना हवा जिभेने वा ओठांनी क्षणभर पुरती कोंडावी लागते. ती सुटायच्या वेळीच अडकते. ‘बोबडा’ जुना आणि मायेचा शब्द. ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच अध्यायात लेकराची ‘बोबडी वाचा’ ऐकून आईबापांना अधिकच संतोष होतो. ‘तोतरा’ला ती माया कधी मिळाली नाही, शाळेत तो चिडवण्याचाच शब्द राहिला. घाबरलेल्या माणसाची आपण ‘बोबडी वळली’ म्हणतो, खरे तर तेव्हा तो त-त-प-प करत असतो. म्हणजे थोडी सरमिसळ भाषेतही आहेच. जुन्या वैद्यकात मात्र वाचेच्या दोषांना वेगवेगळी नावे होती. सुश्रुताने मूक, मिन्मिण आणि गद्गद असे तीन वेगळे दोष सांगितले. मिन्मिण म्हणजे नाकात बोलणारा, आपला गेंगाणा. गद्गद म्हणजे अडखळत बोलणारा. मराठीत तो शब्द दाटलेल्या कंठापुरता उरला.

सोलापुरात तर एकाच गल्लीत चार भाषांतले शब्द चालतात. कानडीत अडखळण्याला ‘उग्गु’ आणि बाळाच्या बोलांना ‘तोदलु’, पूर्व भागातल्या तेलुगू घरांत ‘नत्ती’, उर्दूत ‘हकलाना’ आणि ‘तुतलाना’. म्हणून मुलाला दाखवायला नेताना नुसते नाव सांगू नये, मूल कसे बोलते ते करून दाखवावे किंवा मोबाइलवर दोन मिनिटे रेकॉर्ड करून न्यावे.

घरच्या घरी फरक ओळखायचा तर मुलाला सर्वांबरोबर आरती म्हणायला लावावी. तोतरे बोलणारे मूल सुरात, समूहात बहुधा अडखळत नाही. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत ‘बोला हर्र’चा गजर ते खणखणीत करील. बोबडे मूल तिथेही ‘बोला हल्ल’च म्हणेल.

दोघांचे उपचारही वेगळे. बोबडेपणात आधी कानांची तपासणी हवी, कारण जे नीट ऐकू येत नाही ते नीट उच्चारता येत नाही. स, श यांसारखे ध्वनी तर आधी निसटतात. तीन वर्षांच्या मुलाचे बरेचसे बोलणे परक्याला कळायला हवे. ‘र’ आणि ‘ळ’ मागाहून आले तरी चालते. मूल ‘पापा’ म्हणत असताना नाकपुडीखाली धरलेल्या आरशावर वाफ धरली तर टाळू दाखवून घ्यावी.

तोतरेपणा बहुतेकदा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो आणि बऱ्याच मुलांचा आपोआप जातो. सहा महिन्यांहून जास्त टिकला, घरात आणखी कुणाला असला किंवा बोलताना चेहरा आवळला जाऊ लागला, तर थांबू नये, वाचा-उपचारतज्ज्ञाकडे जावे. ‘हळू बोल’, ‘श्वास घे’ असे बजावल्याने अडखळणे उलट वाढू शकते. आपणच संथ बोलावे, उत्तर देण्याआधी एक-दोन सेकंद थांबावे, त्याचा शब्द आपण पुरा करू नये. घरात दोन भाषा आहेत म्हणून मूल तोतरे होत नाही. त्यासाठी आजीची तेलुगू वा कानडी बंद करण्याचे कारण नाही.

शब्दांच्या या घोळाची सर्वांत वाईट किंमत जिभेखालच्या पडद्याला मोजावी लागते. ‘बोबडेपणासाठी पडदा कापतात’ एवढे कुठेतरी वाचून पालक तोतऱ्या मुलाचा पडदा कापून घ्यायला निघतात. त्या पडद्याचा तोतरेपणाशी काहीही संबंध नाही. बोबडेपणातही तो क्वचितच कारण असतो. जीभ वरच्या दातांमागे टेकत असेल तर बोलण्यासाठी तो कापायचे कारणच नाही.

आपल्या उपसंपादकांना एवढीच विनंती: ‘तोतला’ आले तर ‘बोबडा’ लिहावे, ‘हकलाना’ आले तर ‘तोतरे बोलणे’, आणि माणसाविषयी लिहिताना ‘तोतरा’ऐवजी ‘तोतरे बोलणारा’.

आपले,
वाचा-उपचार क्षेत्रातील दोन वाचक, सोलापूर